सह्यांपासून राज्यघटनेपर्यंत

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काचे देशव्यापी संरक्षण काढून घेतले आणि निर्णय राज्यांवर सोपवला. काही राज्यांत मात्र नागरिकांच्या हाती एक साधन होते. पुरेशा मतदारांनी सह्या केल्या, की राज्याच्या घटनेतील दुरुस्तीचा प्रस्ताव थेट मतदानाला ठेवता येतो.

ओहायो राज्यात २०२३ साली असेच घडले. सुमारे ४ लाख १३ हजार सह्या हव्या होत्या. कार्यकर्त्यांनी ७ लाखांहून अधिक गोळा केल्या. मंजुरीसाठी साध्या बहुमताऐवजी ६० टक्के मतांची अट घालण्याचा विरोधकांचा प्रयत्न मतदारांनी ऑगस्टमध्येच हाणून पाडला. ७ नोव्हेंबरला सुमारे ५७ टक्के मतांनी गर्भपाताचा हक्क ओहायोच्या राज्यघटनेत नोंदला गेला.

पुढच्याच वर्षी फ्लोरिडातही अशाच प्रस्तावाला जवळपास ५७ टक्के मते मिळाली. पण तिथे ६० टक्क्यांची अट आधीपासूनच होती, म्हणून प्रस्ताव पडला.

बहुमत तेवढेच, निकाल मात्र उलटे! म्हणूनच हक्कासाठी लढणाऱ्यांनी मते मागावीत, तितक्याच जागरूकपणे मतदानाचे नियमही राखावेत. स्त्रीच्या शरीराविषयीचा निर्णय तिचाच असायला हवा, आणि त्यासाठी दारोदार फिरणाऱ्यांचे कष्ट मोलाचे आहेत.