पाऊस, बंद लोकल आणि कापलेला पगार

(जुलै २०२५ मध्ये अंबरनाथला नोकरदार तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आज मी फक्त एका दिवसाबद्दल बोलणार आहे. तुम्ही डबा भरला, छत्री घेतली, स्टेशन गाठलं आणि लोकल आलीच नाही, तो दिवस. त्याचा पगार कोणी द्यायचा, आणि कापायचाच असेल तर किती कापायचा, एवढाच विषय.

मी ठाण्याच्या कामगार न्यायालयात वकिली करते आणि राहते उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. त्यामुळे पावसाळा आला की आपल्या तीन शहरांचं काय होतं, हे मला कोणी समजावून सांगायला नको. उल्हास नदी कर्जतकडून भरून येते आणि बदलापूरला पसरते. वालधुनी अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या वस्त्यांच्या मधून जाते. २६ जुलै २००५ ला तुमच्यातले बरेच जण पाळण्यात होते, काही जन्मलेही नव्हते, घरच्यांना विचारा. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली आणि हजारावर प्रवाशांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. जुलै २०२१ मध्ये अंबरनाथच्या पुढे लोणावळ्यापर्यंत गाड्या बंद होत्या. म्हणजे दोन-चार वर्षांत एकदा असा दिवस येणार, हे आपल्याला माहीत आहे आणि मालकालाही माहीत आहे. तरी दर वेळी सुपरवायझर असं विचारतो, जणू पाऊस तुम्हीच पाडला.

आता कायदा. पहिली गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, पण वकिलानं गोड बोलून उपयोग नसतो. पावसामुळे कामावर पोहोचता आलं नाही तर त्या दिवसाचा पगार मिळालाच पाहिजे, असं आपल्याकडचा कुठलाही सर्वसाधारण कायदा म्हणत नाही. काम नाही तर त्या वेळेचं वेतन नाही, हे तत्त्व इथेही लागू होतं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक स्लिपांमध्ये एक दिवस गेलेला नसतो, दोन गेलेले असतात. कुठे तीन. शनिवारी गाड्या बंद होत्या म्हणून शनिवार गेला आणि त्याच्या मागून रविवारही गेला. शिवाय 'दंड' म्हणून वेगळी रक्कम. इथे मात्र कायदा तुमच्या बाजूनं स्पष्ट बोलतो. जुलै २०२५ मध्ये लागू असलेल्या वेतन प्रदान अधिनियम, १९३६ चं कलम ९ : गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच झाली पाहिजे. पगार १५,६०० असेल आणि हिशेब २६ दिवसांचा असेल, तर एका दिवसाचे ६०० रुपये. दुसरे ६०० कापले तर ती बेकायदा कपात आहे. हेच कलम म्हणत होतं, की जिथे काम करणं तुमच्यावर बंधनकारक आहे तिथे नसणं म्हणजे गैरहजेरी. रविवारी तुम्ही बंधनकारक नाहीच, मग रविवारी गैरहजर कसे? हा प्रश्न लेखी विचारा.

दंडाचंही तसंच आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे दंड त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. वरच्या उदाहरणात ४६८ रुपये. तोही मनाला येईल तेव्हा नाही. कोणत्या चुकांसाठी दंड होतो त्याची मंजूर यादी फलकावर लावलेली हवी, आणि दंड करण्याआधी तुम्हाला बाजू मांडायची संधी दिलेली हवी. अंबरनाथ एमआयडीसीत कामाला असलेल्यांनी उद्या गेटजवळचा फलक बघावा. किती जणांना अशी यादी दिसते, मला कळवा.

आणखी एक धमकी हमखास ऐकू येते : 'सगळे मिळून आला नाहीत, आठ दिवसांचा पगार कापू.' ही हवेतून आलेली नाही. कलम ९ मध्येच तशी तरतूद होती, पण ती दहा किंवा जास्त कामगार संगनमतानं, सूचना न देता आणि सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले तर. एकाच बदलापूर लोकलमध्ये अडकलेले पंधरा जण म्हणजे संगनमत नव्हे. आणि रुळांवर पाणी हे सबळ कारण नसेल तर मग कुठलं?

दोन हजारांचा हजेरी बोनस एका खाड्यानं जातो, तो प्रकार वेगळा. तिथे नेमणूकपत्राची भाषा वाचावी लागते, आणि बऱ्याचदा ती मालकाच्या बाजूची असते.

आता उलट बाजू बघू. तुम्ही पोहोचलात, पण कारखान्यात पाणी शिरलंय किंवा लाइट नाही, आणि वॉचमन सांगतो, 'आज बंद, घरी जा.' अनेक जण घरी जातात आणि तो दिवस खाडा म्हणून सोडून देतात. तो खाडा नाही, त्याला कायद्यात 'ले-ऑफ' म्हणतात. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये ले-ऑफच्या कारणांत नैसर्गिक आपत्ती स्पष्ट लिहिली होती. कारखान्यात ५० किंवा जास्त कामगार असतील, तुमचं नाव मस्टरवर असेल, तुम्ही बदली किंवा कॅज्युअल नसाल आणि वर्षभर सलग नोकरी झालेली असेल, तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यावी लागते. मेख एवढीच, की कामाच्या वेळेत दिवसातून एकदा तुम्ही गेटवर हजर झालेलं असलं पाहिजे. म्हणून गेटवरून परत जाण्याआधी आत आल्याची नोंद करून घ्या. रजिस्टर देत नसतील तर गेटसमोर फोटो काढा.

या मेखेचा खरा फटका कोणाला बसतो बघा. कारखाना पाण्यात आहे आणि कामगारही पाण्यात आहे. जो कंपनीच्या मागच्या चाळीत राहतो तो गेटवर जाऊन निम्मा पगार मिळवतो. बदलापूरचा माणूस गाडी नाही म्हणून पोहोचत नाही, त्याला शून्य. पाऊस दोघांना सारखाच. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, आणि हे मी कोर्टाबाहेर मोकळेपणानं बोलते.

रजेचं काय? इथे तुम्ही कुठे काम करता त्यावर सगळं ठरतं. मॉलमध्ये, ऑफिसात, शोरूममध्ये असाल आणि तिथे कायद्याला लागतात तेवढे कामगार असतील (जुलै २०२५ मध्ये दहा किंवा जास्त लागत), तर महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ प्रमाणे वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा पगारी मिळते. ती दर तिमाहीला जमा होते आणि वर्ष संपलं की बुडते. पावसाच्या दिवसासाठी ती मागा, तोंडी नको. कारखान्यात मात्र १९४८ च्या कायद्यात किरकोळ रजाच नव्हती. तिथे २० दिवसांच्या कामामागे एक दिवस अर्जित रजा, आणि तिचा अर्ज पंधरा दिवस आधी. पाऊस पंधरा दिवस आधी कळवून येत नाही.

आणि उल्हासनगरचे जीन्सचे कारखाने? पाच-सहा मशीनवरचे कारागीर, पीस रेट, ना मस्टर ना स्लिप. दहापेक्षा कमी माणसं, म्हणून २०१७ च्या कायद्याची रजा नाही. दिवस गेला की पीस गेले. त्यांना मी कलमं सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की जूनमध्येच शेठशी बोला : गाड्या बंद राहिल्या तर त्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी काम करून भरून काढू. काही ठिकाणी हे चालतं, कारण ऑर्डर वेळेवर जाणं शेठलाही हवं असतं.

जिल्हाधिकाऱ्यांची सुट्टी शाळा-कॉलेजांची असते, हेही ध्यानात ठेवा. २ जुलै २०१९ ला सरकारनं मुंबईत सार्वजनिक सुट्टी जाहीर केली होती, तसं क्वचित होतं. 'गरज नसेल तर घराबाहेर पडू नका' हा मेसेज पगाराचा हुकूम नसतो. पण तो तुमचा पुरावा असतो, जपून ठेवा.

कोणी म्हणेल, बाहेरच्या देशांत बरं असेल. अमेरिकेत बर्फाचं वादळ आलं आणि दुकान बंद राहिलं, तर तासावर काम करणाऱ्याला तिथल्या केंद्रीय कायद्यानं काहीच मिळत नाही. ठरलेल्या पगारावरच्या अधिकाऱ्याचा पगार मात्र ऑफिस एखादा दिवस बंद ठेवलं म्हणून कापता येत नाही. म्हणजे वरच्याला छत्री आणि खालच्याला पाऊस. स्पेननं वेगळं केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हॅलेन्सियात पूर आला, दोनशेहून जास्त माणसं गेली, कामावर किंवा कामावरून परतताना अडकलेलेही बरेच होते. नोव्हेंबरमध्ये तिथल्या सरकारनं अशा आपत्तीत चार दिवसांपर्यंत पगारी रजा मंजूर केली. आपल्याकडे हे मागायला काय हरकत आहे? एखाद्या कंपनीत युनियनच्या करारात वर्षाला दोन दिवस 'पावसाचे' लिहून घेता येतात. त्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही.

ही मागणी फक्त पैशांची नाही. १९ जुलै २०२३ ला ठाकुर्ली-कल्याणच्या मध्ये थांबलेल्या लोकलमधून उतरून लोक रुळांवरून चालत होते आणि एक तान्हं बाळ नाल्यात पडून वाहून गेलं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसं पडली आणि दगावली. काहीही करून पोहोचायचंच, ही भीती एका दिवसाच्या पगाराची असते. ईएसआयचं कार्ड असेल तर एवढं माहीत असू द्या, की २०१० पासून घर ते कामाच्या वाटेवरचा अपघातही, नोकरीशी संबंध सिद्ध झाला तर, नोकरीतला अपघात धरला जातो.

सणांची एक गोष्ट. २०१७ च्या कायद्यात चार राष्ट्रीय सुट्ट्यांशिवाय चार सणांच्या पगारी सुट्ट्या मालक आणि कामगार मिळून ठरवतात. आपल्यातले बरेच जण ईदसाठी किरकोळ रजा साठवतात आणि मग जुलैत पावसाला हातात काही उरत नाही. यादी ठरते तेव्हाच दोन्ही ईद तिच्यात आहेत का, ते विचारा. आठ रजा वाचतील.

संसदेनं २०१९ आणि २०२० मध्ये चार श्रमसंहिता मंजूर केल्या, जुलै २०२५ मध्ये त्या लागू झालेल्या नव्हत्या. वेतन संहितेतही प्रमाणातली कपात आणि ३ टक्के दंड हे नियम तसेच आहेत, म्हणून आज शिकलेलं वाया जाणार नाही.

गाडी बंद असेल त्या सकाळी एवढं करा. सुपरवायझरला फोन नको, मेसेज पाठवा : 'सकाळी ६.४० पासून अंबरनाथ स्टेशनवर आहे, गाड्या बंद, ८.३० पर्यंत वाट बघितली, आज येऊ शकत नाही, रजा धरावी.' सोबत स्टेशनचा फोटो आणि मध्य रेल्वेच्या सूचनेचा स्क्रीनशॉट. जास्त कापलं तर आधी कंपनीला लेखी विचारा. उत्तर नाही आलं तर वेतन प्राधिकरणाकडे अर्ज करा, ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात माहिती मिळेल. जुलै २०२५ मध्ये १९३६ च्या कायद्याखाली महिना २४,००० रुपयांपर्यंतचा पगार येत होता, आणि कपातीपासून १२ महिन्यांत अर्ज द्यावा लागत होता. म्हणजे गेल्या ऑगस्टची स्लिप अजून मुदतीत आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती घेऊन समोर या, मी सहापर्यंत इथेच आहे.