टिग यंत्राला शक्ती किती हवी?

उज्जैनच्या फ्रीगंज भागातील टावर चौकात संध्याकाळी माणसांचा ओघ दिसतो. सिंहस्थात हाच ओघ कैक पटींनी वाढून क्षिप्रेच्या घाटांकडे वळतो. 2016 साली झालेला सिंहस्थ आता 2028 साली पुन्हा भरावयाचा आहे. अशा गर्दीचा रेटा सोसावयाचा तो कठड्यांनी, आणि कठड्याचे बळ त्याच्या सांध्यांत असते. म्हणून कठडे करणाऱ्या लहान कारखानदाराने टिग वेल्डिंगचे यंत्र किती शक्तीचे घ्यावे, हा प्रश्न केवळ त्याच्या खिशापुरता राहत नाही.

या पद्धतीत टंगस्टनच्या काडीच्या टोकाशी विजेचा आर्क पेटतो व धातू वितळतो. आरगॉन वायूचे आवरण त्या वितळलेल्या धातूस हवेपासून जपते. 1940 नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कारखान्यात रसेल मेरेडिथ यांनी ती मॅग्नेशियम जोडण्यासाठी सिद्ध केली. त्या वेळी आरगॉनऐवजी हेलियम वापरीत.

यंत्राची शक्ती अँपिअरमध्ये मोजतात. साध्या पोलादास जाडीच्या दर मिलिमीटरमागे सुमारे 40 अँपिअर, हा ढोबळ हिशेब होय. दोन मिलिमीटरच्या नळीस 80, तर पाच मिलिमीटरच्या पट्टीस 200 अँपिअर लागतात. त्याहून जाड पट्टीची कड तासून सांधा थराथराने भरावा लागतो. स्टेनलेस स्टील उष्णता धरून ठेवते, म्हणून त्यास थोडा कमी प्रवाह पुरतो. ॲल्युमिनियम उष्णता झटकन दूर नेते, म्हणून त्यास अधिक प्रवाह हवा, आणि तोही एसी. केवळ डीसी देणारे यंत्र त्या कामी सहसा निरुपयोगी ठरते.

शक्ती अपुरी असली, तर काम नुसते मंदावते असे नाही. सांधा वरून चकाकतो, परंतु आत धातू एकजीव झालेला नसतो. प्रवाह कमी म्हणून कारागीर टॉर्च एकाच जागी धरून ठेवतो. उष्णता भोवती पसरते, नळी वाकते, स्टेनलेस स्टील काळवंडते आणि त्याची गंजास दाद न देण्याची शक्ती उणावते. उलट, मोठे यंत्र घेतले की झाले, असेही नाही. पातळ नळीसाठी प्रवाह पुरेसा खाली आणून स्थिर राखता आला पाहिजे.

फसगत होते ती बहुधा ड्यूटी सायकलच्या आकड्यापाशी. पाटीवर 200 अँपिअरपुढे 30 टक्के लिहिले असेल, तर दर दहा मिनिटांत तीन मिनिटे काम व सात मिनिटे विश्रांती, असा त्याचा अर्थ. हेच यंत्र अखंड चालवावयाचे, तर सुमारे 110 अँपिअरवरच चालेल. शिवाय हे आकडे सामान्यतः 40 अंश उष्णतामान धरून दिलेले असतात. वैशाखात उज्जैनचा पारा त्याच्याही वर जातो, आणि पत्र्याच्या छपराखाली तर विचारावयासच नको.

तिसरी गोष्ट विजेच्या जोडणीची. 200 अँपिअरच्या आर्कला सुमारे 18 व्होल्ट लागतात, म्हणजे 3600 वॅट; यंत्रात खर्ची पडणारी वीज निराळी. 230 व्होल्टच्या सिंगल फेजवर हा भार घरगुती 16 अँपिअरच्या सॉकेटास पेलत नाही. लांब व बारीक वायरीतून वीज नेल्यास दाब घटतो आणि यंत्र ऐन कामात दगा देते.

तेव्हा खरेदीपूर्वी तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात: नेहमीच्या कामातील सर्वांत जाड धातू, सलग कामाची मिनिटे आणि मीटरची क्षमता. मनोरा बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, अशी शुभवर्तमानातील शिकवण आहे. यंत्र घेणाऱ्यासही ती लागू पडते. कारण त्याचा हिशेब चुकला, तर कठड्याला टेकणाऱ्या अनोळखी यात्रेकरूस त्याचे मोल द्यावे लागेल.