बांधकामावरील अवजारांची राखण



गावात शाळेची खोली, विहीर किंवा रस्ता यांचे काम सुरू झाले, की आपण सिमेंटची पोती मोजतो, सळया मोजतो, मजुरांची हजेरी घेतो. मात्र ज्या कुदळी, फावडी, घमेली आणि पहारी यांच्या बळावर हे काम उभे राहावयाचे, त्यांची मोजदाद क्वचितच होते. आज याच उपेक्षित बाबीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

परभणी जिल्ह्याला सार्वजनिक कामांचा मोठा वारसा आहे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण उभे राहिले. जायकवाडीचा डावा कालवा या जिल्ह्यातून काढण्यात आला. १९७२-७३ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो हातांनी माती उपसली, खडी फोडली. पुढे रोजगार हमीचा राज्य कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या कामांवर मजुरी ठरे ती प्रामुख्याने झालेल्या कामाच्या मापावरून. कुदळ बोथट असली, की माती कमी निघे, माप कमी भरे आणि मजुरी घटे. टोळीतील खोदणारा थांबला, की घमेले भरणारा व वाहणाराही थांबे. म्हणून हरवलेल्या अवजाराची किंमत केवळ बाजारभावाने होत नाही. तीत मजुराच्या घरची भाकरीही धरावी लागते.

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक अवजारावर तैलरंगाने खूण व क्रमांक घालावा. सकाळी अवजार देताना नोंदवहीत नाव लिहावे, सायंकाळी ते परत घेऊन नोंद पुरी करावी. पाण्याची मोटर, काँक्रीट मिसळण्याचे यंत्र व विजेची तार यांचे क्रमांक आणि वर्णन आरंभीच लिहून ठेवावे. चोरी झाल्यास त्याच दिवशी पोलिसांत तक्रार देता येते व सापडलेला माल ओळखता येतो. रात्रीच्या राखणीसाठी एक जबाबदार माणूस नेमावा.

चोराइतकेच नुकसान हवामानही करते. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात चिखलात राहिलेले लोखंड गंजते. उन्हाळ्यात लाकडी दांडे वाळून सैल होतात. अवजारे धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून जमिनीपासून उंच ठेवावीत. बोथट कुदळी लोहाराकडून वेळच्या वेळी शेवटून घ्याव्यात. मिश्रणयंत्राचा पिंप त्यातील माल घट्ट होण्यापूर्वी, रोज काम संपताच धुवावा.

शिक्षकबंधूंना एक विनंती. शाळेच्या आवारात काम चालू असता पहारी व तारा उघड्यावर पडून राहिल्यास मुलांना इजा होऊ शकते. साहित्यासाठी वर्गखोली न देता कुलूपबंद पत्र्याची खोली उभारण्याचा आग्रह धरावा.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. गवंडी आपली थापी, ओळंबा, गुण्या स्वतः घेऊन येतो. ही हत्यारे म्हणजे त्याचे भांडवल होय. त्यांचीही नोंद व्हावी, त्यांनाही कुलपाआड जागा मिळावी. नोंद नसली, की वस्तू हरवताच संशय फिरू लागतो आणि तो बहुधा सर्वांत गरीब माणसावर येऊन थांबतो. चौकशीवाचून त्याची मजुरी कापणे हा अन्याय आहे. वही ही केवळ वस्तूची राखण करीत नाही. ती माणसाच्या अब्रूचीही राखण करते.

कारागिराच्या हत्यारांचे मोल शासनानेही जाणले आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत गवंडी, सुतार, लोहार आदी अठरा व्यवसायांतील कारागिरांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य ठेवण्यात आले. मिळालेले अवजार टिकविणे मात्र आपल्या हाती आहे.

खंडेनवमीस आपण अवजारांना हळदकुंकू वाहतो. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्यांची रोज सायंकाळी मोजणी झाली, तर ती पूजा खऱ्या अर्थाने सार्थ होईल. पुढील काम हाती घेताना पहिली कुदळ मारण्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने अवजारांची वही उघडावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.