ऐकलं, निघतो

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे पुणे जिल्ह्यातले चार तालुके उसाचे आहेत, आणि उसाचे आहेत म्हणून बिबट्याचेही आहेत. रात्री मळ्यातल्या वस्तीवर कुत्रं केकाटतं, गोठ्यात धडपड होते, आणि बाहेर काय आलंय ते घरातल्यांना न बघताही कळतं. शेजारची वस्ती हाकेच्या टप्प्यात नसते. पूर्वी अशा वेळी थाळ्या बडवायच्या, फटाके लावायचे. आता त्याच घरातली बाई मोबाइल उचलते, एक टोल फ्री नंबर लावते आणि सांगते, "मी अमक्या मळ्यातून बोलतेय, गोठ्यात बिबट्या शिरलाय, लवकर या." तिनं फोन ठेवल्यावर थोड्याच वेळात गावातल्या नोंद केलेल्या सगळ्या फोनवर रिंग वाजू लागते. उचलणाऱ्याला तिचाच आवाज ऐकू येतो, तिला लागलेल्या धापेसकट.

ग्राम सुरक्षा यंत्रणा या नावानं ही सोय ओळखली जाते. डी. के. गोर्डे यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे या जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांनी ती स्वीकारली, आणि पुणे ग्रामीण पोलिसांनीही ती गावोगाव पोचवण्यासाठी पुढाकार घेतला. चोरी, दरोडा, आग, पूर, अपघात, हरवलेलं मूल, बिबट्याचा हल्ला अशा कोणत्याही वेळी एका माणसाचा आवाज अख्ख्या गावापर्यंत न्यायचा, एवढंच तिचं काम. तिच्यासाठी स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही, वाचता यावं लागत नाही. बटणांचा साधा फोनही चालतो.

या सगळ्याच्या मागे जे असतं त्याला तंत्रज्ञ व्हॉइस सर्व्हर म्हणतात. म्हणजे टेलिफोनच्या अनेक लाइन जोडलेला एक संगणक. तो फोन घेतो, बोलणं ध्वनिमुद्रित करतो, ठरलेल्या यादीतले नंबर एकाच वेळी किंवा एकामागून एक लावतो, कोणी उचलला, कोणी कापला, कोणाचा लागलाच नाही, याची वेळेसह नोंद ठेवतो. वीज बिलासाठी किंवा गॅस सिलिंडर नोंदवायला आपण फोन करतो आणि पलीकडून "मराठीसाठी एक दाबा" असं ऐकू येतं, ते यंत्र याच जातीचं. फरक असा, की तिथे आपण यंत्राला फोन करतो आणि इथे यंत्र आपल्याला.

आज याच यंत्राबद्दल थोडं सविस्तर बोलायचं आहे. धोक्याची सूचना पाठवली की काम झालं, अशी एक समजूत आपल्या कारखान्यांत, दवाखान्यांत, सोसायट्यांत आणि सरकारी कचेऱ्यांतही घट्ट बसली आहे. माझ्या मते ती समजूत घातक आहे. समोरचा माणूस "ऐकलं, निघतो" असं म्हणत नाही, तोवर ती सूचना हवेतच असते.

एखादी रक्तपेढी घ्या. रक्ताच्या पिशव्या २ ते ६ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. रात्री दोन वाजता फ्रीजचा कॉम्प्रेसर बंद पडला, पारा चढू लागला. आत बसवलेल्या तापमापकानं ते टिपलं. पुढे काय? बहुतेक ठिकाणी एक एसएमएस जातो किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर संदेश पडतो. रात्री दोन वाजता तो कोण वाचणार? सकाळी सात वाजता दहा जण वाचतात, आणि दहाही जणांना वाटतं की उरलेल्या नऊ जणांपैकी कोणीतरी बघितलं असेल.

व्हॉइस सर्व्हर हेच काम वेगळ्या रीतीनं करतो. तो त्या रात्री ज्याची पाळी आहे त्या एकाच माणसाला फोन लावतो. माणूस झोपेतून उठून "हॅलो" म्हणतो. आवाज येतो: "रक्तपेढी. फ्रीज क्रमांक तीन. तापमान सहा अंशांच्या वर गेले आहे. निघत असाल तर एक दाबा. जमणार नसेल तर दोन दाबा. पुन्हा ऐकायचे असेल तर तीन दाबा." त्यानं एक दाबलं की त्याच्या नावापुढे वेळ लिहिली जाते, आणि बाकीच्यांची झोपमोड होत नाही. दोन दाबलं, किंवा काहीच दाबलं नाही, तर पुढच्या नंबरवर फोन जातो. तोही उचलत नसेल तर त्याच्या वरिष्ठाला. अर्ध्या तासानं तापमान उतरलेलं नसेल, तर एक दाबून पुन्हा झोपलेल्या माणसाला परत फोन येतो.

यात नुसता फोन उचलणं पुरेसं का मानत नाहीत? कारण फोन व्हॉइसमेलही उचलतो, घरातलं लहान मूलही उचलतं, आणि झोपेत "हं, हं" करून ठेवून देणारा जाणता माणूसही उचलतो. बटण दाबायला मात्र ऐकावं लागतं आणि ठरवावं लागतं. बटणांवर चालणारा टेलिफोन १९६३ साली अमेरिकेत बेल कंपनीनं आणला. त्याच्या प्रत्येक बटणामागे दोन सूर आहेत. एक दाबलं की ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे सूर एकाच वेळी लाइनवर जातात. दोन्ही एकत्र आले तरच यंत्र तो आकडा मानतं. माणसाच्या बोलण्यातून किंवा घरातल्या टीव्हीच्या आवाजातून चुकून "एक" ऐकू येऊ नये, म्हणून केलेली ही व्यवस्था साठ वर्षांनंतरही तशीच चालते.

मराठीत असा सर्व्हर बोलता करायचा तर एक काम वाढतं. यंत्र सगळी वाक्यं आधी मुद्रित करून ठेवू शकत नाही. ते तुकडे जोडतं. आपल्याकडे शंभरापर्यंतच्या आकड्यांची घडण अशी, की एकोणसाठ, त्रेसष्ट, चौऱ्याहत्तर यांतला प्रत्येक आकडा स्वतंत्र बोलून घ्यावा लागतो. दशक आणि एकक जोडून भागत नाही. एका बैठकीत, एकाच आवाजात, एकाच पट्टीत शंभर आकडे वाचून घेणं हे कंटाळवाणं काम आहे. पण रात्री दोन वाजता कानावर पडणारं "त्रेचाळीस" आणि "त्र्याहत्तर" यांत गोंधळ होणार नाही, हे त्या कामावरच अवलंबून असतं. या ठिकाणी घाई करू नये. तज्ज्ञाकडून यंत्र विकत घेता येतं, पण ते आपल्या माणसांना समजेल असं बोलतं की नाही, हे आपणच कानांनी तपासलं पाहिजे.

पुण्यात या व्हॉइस सर्व्हरचं एक जवळचं भावंडही जन्मलं. संतोष ओस्तवाल यांचं नॅनो गणेश. शेतीची वीज रात्रीबेरात्री येते आणि पंप सुरू करायला शेतकऱ्याला अंधारात विहिरीपर्यंत चालत जावं लागतं. ओस्तवालांनी पंपाच्या स्टार्टरला मोबाइल जोडला. घरातून फोन लावायचा, वीज आहे की नाही ते कानानं ओळखायचं आणि बटण दाबून पंप सुरू करायचा. २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत या कल्पनेला पारितोषिक मिळालं. साप, विंचू आणि बिबट्याच्या वाटेवरचा रोजचा फेरा वाचणं हे त्याहून मोठं.

आता फोन किंवा गजर जास्त वाजले तर काय होतं, तेही सांगितलं पाहिजे. वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत नियंत्रण कक्षातल्या कर्मचाऱ्यांसमोर २७५ गजर वाजले होते. त्यातला महत्त्वाचा कोणता हे ओळखणं माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. पुढे १९९९ साली ब्रिटनमध्ये निघालेल्या मार्गदर्शक पुस्तिकेनं एका माणसाला सरासरी १० मिनिटांत एकापेक्षा जास्त गजर नसावा, असं प्रमाण सुचवलं. भोसरी, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत जे श्रोते काम करतात त्यांनी आपल्या पाळीतले गजर एकदा मोजून पाहावेत. फिल्टर बदलायची आठवण आणि बॉयलरचा वाढलेला दाब एकाच आवाजात, एकाच माणसाला सांगितला जात असेल, तर बॉयलरकडेही दुर्लक्ष होणारच. फोन फक्त अशा गोष्टीसाठी यावा, जिच्यासाठी माणसानं अंथरुणातून उठलं पाहिजे. बाकीचं सकाळच्या वहीत लिहावं.

ग्राम सुरक्षा यंत्रणेतही याचं भान लागतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि भंडाऱ्याचं आमंत्रण त्या नंबरवरून सुटू लागलं, तर महिन्याभरात गाव त्या रिंगकडे दुर्लक्ष करायला शिकेल. खोटा संदेश देणाऱ्याचा नंबर यंत्रणा बंद करू शकते. पण हौसेच्या संदेशांना आवर गावानंच घालायला हवा.

धोक्याची सूचना वेळेवर पोचवण्याचा विषय पुण्याला नवा नाही. १२ जुलै १९६१ या दिवशी सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासला फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. धरण धोक्यात आहे हे तिथे काम करणाऱ्यांना आदल्या दिवशीच दिसलं होतं. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते जमेल तितकं सावरून धरलं, म्हणून ते रात्री न फुटता दिवसा फुटलं आणि हजारोंचे जीव वाचले. शहराला मात्र वेळेवर, नेमकं आणि सगळ्यांना कळेल असं कोणी सांगितलं नाही. त्या काळी घरोघरी फोन नव्हते, हे खरं.

२५ जुलै २०२४ रोजी घरोघरी, खिशाखिशात फोन होते. त्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेकपर्यंत पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना जाग आली ती घरात शिरलेल्या पाण्यानं. सूचना दिली होती की नव्हती, कोणी कोणाला दिली, यावर नंतर बरीच वादावादी झाली. मला त्या वादात एकच प्रश्न विचारावासा वाटतो. पहाटे सूचना मिळाली असं उलट कळवणारा एकतरी माणूस प्रत्येक सोसायटीत ठरलेला होता का? नदीकाठच्या सोसायट्या मोजक्या आहेत. प्रत्येकीतले तीन नंबर घेतले तरी यादी छोटीच होते, आणि कोणत्या सोसायटीनं "ऐकलं" म्हटलं नाही हे पाच मिनिटांत समोर येतं. जिथून उत्तर नाही, तिथे अग्निशमन दलाची गाडी पाठवता येते. २०२३ साली सरकारनं मोबाइलवर मोठ्या आवाजाच्या आपत्कालीन सूचनांची चाचणी घेतली, ती अनेकांना आठवत असेल. ती सोय चांगली आहे, लाखो लोकांपर्यंत एका झटक्यात पोचते. पण तिला उत्तर देता येत नाही. म्हणून तिच्या जोडीला ही फोनची यादी हवी.

फोन सगळीकडे पुरा पडत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं. ती खबर बाहेर आली एसटीच्या गाडीमुळे. चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसेना. ज्यांनी फोन करायचा तेच ढिगाऱ्याखाली होते. अशा डोंगरकपारीच्या वाड्यांसाठी पाऊस मोजणारी, जमिनीची हालचाल टिपणारी आणि माणसाची वाट न बघता स्वतः फोन लावणारी यंत्रं हवीत. व्हॉइस सर्व्हर तेही काम करू शकतो. फक्त त्याला दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन द्याव्यात, बॅटरी द्यावी, आणि तो पुराच्या पाण्यात जाईल अशा तळमजल्यावर ठेवू नये.

आणखी एक अडचण अलीकडची. कर्ज देणाऱ्यांच्या आणि फसवणाऱ्यांच्या फोननी आपण इतके वैतागलो आहोत, की अनोळखी नंबर दिसला की कापतो. त्यामुळे खरा धोक्याचा फोनही कापला जातो. यावर उपाय सोपा आहे. यंत्रणेचा नंबर आपल्या फोनमध्ये नावानिशी साठवा आणि त्याला वेगळी रिंग द्या. फोन शांत ठेवून झोपत असाल, तर ठरावीक नंबर तरीही वाजू देण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते. ती चालू करा.

गावाकडच्या श्रोत्यांना माझी विनंती आहे. ग्रामपंचायतीत किंवा पोलीस ठाण्यात जाऊन ग्राम सुरक्षा यंत्रणेत आपल्या घरातल्या प्रत्येक फोनची नोंद आहे का ते विचारा, घरातल्या बायकांच्या फोनचीसुद्धा, कारण दिवसा वस्तीवर बहुधा त्याच असतात. शहरातल्या श्रोत्यांनी आपल्या सोसायटीत, दवाखान्यात, कारखान्यात रात्रीचा फोन कोणाला येतो आणि त्यानं उचलला नाही तर पुढे कोणाला जातो, हे आज विचारून घ्यावं. आणि गेल्या वर्षभरात तुमचा नंबर बदलला असेल, तर तो त्या यादीत याच आठवड्यात बदलून घ्या.