राब, शेवळं आणि लाल शाई



कर्जत स्टेशनात पुण्याकडे निघालेल्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. ती घाट चढेपर्यंत गाडी ढकलतात, लोणावळ्याला सुटतात आणि परत खाली येतात. वेळापत्रकात त्यांचा पत्ता नसतो. मुलांच्या पुस्तकाचा संपादकही असाच, असं म्हणून टाळ्या घेता आल्या असत्या. पण संपादक नुसता ढकलत नाही, तो कापतोही. आणि तो कुठे कापतो यावर मला बोलायचं आहे. आपली लाल शाई चुकीच्या जागी चालते, असं माझं मत आहे. अनोळखी शब्द दिसला की आपण तो खोडतो, आणि अवघडून बसलेलं वाक्य मात्र तसंच छापखान्यात जाऊ देतो.

'राब' हा शब्द घ्या. कर्जत-खालापूरच्या भातशेतीत उन्हाळ्यात टहाळ, पालापाचोळा, शेण आणि गवत रोपाच्या जागेवर पसरून भाजतात. तणाचं बी जळतं, राख खत होते आणि पावसाबरोबर तिथे भात पेरतात. 'पावसाआधी आजोबा राब भाजतात' हे हस्तलिखितातलं वाक्य संपादकाला 'बोलीतलं' वाटतं. तो ते सोपं करतो: 'पावसाळा सुरू होण्यापूर्वी शेतकऱ्यांकडून पेरणीपूर्व मशागत केली जाते.' आता एकही शब्द गावठी उरला नाही, आणि आजोबाही उरले नाहीत. अक्षर लावून वाचणाऱ्या मुलाला पहिल्या वाक्यात फार तर एका शब्दापाशी थांबावं लागलं असतं. दुसऱ्यात ते 'कडून'पासून 'जाते'पर्यंत लोंबकळत राहतं. प्रमाण मराठी शिकवायची नाही का, असा शिक्षकांचा आक्षेप असतो. शिकवायचीच. पण ते पहिलं वाक्य व्याकरणाने संपूर्ण प्रमाणच आहे. 'राब'ला प्रमाण मराठीत दुसरा शब्द नाही, म्हणून तो बोलीतला ठरवण्यात शहाणपण नाही.

लातूरच्या मुलाला राब कसा कळणार, हा आक्षेप अधिक वजनाचा आहे; कारण त्यामागे खप आहे, आणि प्रकाशकाने खपाचा विचार करणं गैर नाही. याचं उत्तर भा. रा. भागवतांनी देऊन ठेवलंय. त्यांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा; पण फुरसुंगी न पाहिलेल्या मुलांनीही तो वाचला. गावाचं नाव पुसलं असतं तर पोराला अंगही उरलं नसतं. शिवाय चित्र कशासाठी असतं? चोवीस पानांच्या चित्रपुस्तकात पानाला दोन ओळी मिळतात. अर्थाचा निम्मा भार चित्रकार उचलतो. इथे संपादकाची खरी कसोटी लागते. राब म्हणून चित्रकाराने पेटलेला डोंगर काढला, तर तो वणवा झाला. चित्र परत पाठवून बांधाने घेरलेला खाचराचा तुकडा, त्यावर पसरलेला टहाळ आणि शेजारी लक्ष ठेवून उभा माणूस मागून घ्यावा लागतो. शेवळांचंही तेच. पावसाच्या तोंडावर निघणारी ही रानभाजी नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून तिच्यात काकडं नावाची रानफळं घालतात. काकडं म्हणजे काकडी समजून चित्र काढलं गेलं, तर अख्ख्या कर्जत तालुक्यात हसं होईल. हे तपासायला वेळ लागतो आणि पुस्तकाच्या खर्चाच्या हिशेबात त्या वेळाला रकाना नसतो. शेवटच्या पानावर शब्दार्थांची यादी जोडणं स्वस्त पडतं. पण मूल गोष्ट सोडून तिकडे जात नाही. अर्थात पानाला पाच-पाच स्थानिक शब्द कोंबणं ही दुसरी हौस, तीही खोडायलाच हवी.

वि. को. ओकांनी 1881 साली 'बालबोध' मासिक सुरू केलं आणि 1914 पर्यंत चालवलं. 1971 साली बालभारतीचं 'किशोर' आलं. एवढ्या लांब परंपरेत आपण 'मुलांना काय द्यावं' यावर भरपूर बोललो; मूल कुठे अडखळतं हे मोजायचं राहिलं. कर्जतच्या वाड्यांवरच्या ठाकर आणि कातकरी मुलांपुढे तर पहिलीचं पुस्तक घरच्याहून वेगळ्या भाषेत उघडतं. त्यात अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या आधी परततात. अशा मुलाला कळणारं वाक्य लातूरच्या मुलालाही कळेल. उलटं होईलच असं नाही. म्हणून सोपेपणाची परीक्षा शहरातल्या टेबलावर घेऊ नये.

सभागृहात शिक्षक आहेत, प्रकाशकही आहेत, म्हणून एक मागणी करतो. पुस्तक छापायला जाण्याआधी त्याचं एक प्रूफ वाडीवरच्या शाळेत पाठवा. गुरुजींनी आणि बाईंनी ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावं, मूल जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि कागद परत पाठवावा. शब्द बदलायचा की वाक्य, ते आम्ही संपादक त्यानंतर ठरवू.