सहल रद्द झाली, तर इसाराचं काय?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

दुपारची कामं उरकली असतील तर थोडा वेळ रेडिओजवळ बसा. गटाच्या सचिवताई आणि कोषाध्यक्षताई शेजारी असतील तर त्यांनाही हाक मारा, कारण आजचा विषय पैशाचा आहे.

दिवाळी झाली की आपल्या गटांच्या सहली निघतात. पूर्वी सहल म्हणजे जोतिबा, नरसोबाची वाडी, फार तर पंढरपूर. आता बायका घाट उतरून मालवण-तारकर्लीला जातात. किल्ला बघतात, बोटीत बसतात, आणि काहीजणी स्कूबा डायव्हिंगही करतात. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, आणि पोहता येत नसलं तरी प्रशिक्षक हाताला धरून पाण्याखालचे मासे दाखवून आणतो. सासू-सुना जोडीनं उतरल्याचे फोटो मी पाहिलेत. मला त्याचं कौतुकच वाटतं. फक्त एक लक्षात ठेवायचं. ही सहल समुद्राच्या मर्जीवर असते, त्यामुळे ती रद्द होण्याची शक्यताही जास्त. आणि रद्द झाली की पहिला प्रश्न येतो, दिलेल्या इसाराचं काय?

आमच्या भागातल्या एका गटाचं उदाहरण सांगते. चौदा जणी. माणशी ३,२०० रुपये ठरले, निम्मे आधी द्यायचे. म्हणजे २२,४०० रुपये टूरवाल्याच्या फोनवर पाठवले. निघायच्या दोन दिवस आधी त्याचा निरोप आला : "ताई, समुद्र खवळलाय, ट्रिप रद्द. पण तुमचे पैसे कुठं जात नाहीत. क्रेडिट ठेवलंय, पुढच्या वर्षी कधीही या." बायकांना बरं वाटलं. पैसे बुडाले नाहीत ना, मग झालं. पण कोषाध्यक्षताईंनी मालवणात घरगुती राहण्याची सोय करणाऱ्या एका बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "समुद्राक काय झाला नाय. बोटी रोजच्यासारख्या चालू आसत." मग उलगडा झाला. टूरवाल्याची गाडी भरली नव्हती, म्हणून त्यानं सहल रद्द केली होती.

म्हणून पहिली गोष्ट. सहल रद्द झाली की आधी विचारायचं, कशामुळे? कारणं तीनच प्रकारची असतात.

पहिलं कारण समुद्राचं किंवा सरकारी आदेशाचं. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत जलक्रीडा बंद असतात. ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. म्हणून जून-जुलैची तारीख देऊन कोणी स्कूबाचे पैसे मागत असेल, तर तिथंच थांबा. पण मोसमातही वादळ येतं. २०१९ साली ऐन दिवाळीत क्यार चक्रीवादळानं सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर लाटा उसळल्या होत्या. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं. अशा वेळी बोटवाला नाही म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि माणसं गेली. नको म्हणणारा बोटवाला आपला वैरी नसतो. त्याच्याशी बोलायचं ते फक्त पैशाचं.

दुसरं कारण टूरवाल्याचं स्वतःचं. गाडी भरली नाही, बोट नादुरुस्त झाली, प्रशिक्षक आला नाही, जास्त पैशाचं गिऱ्हाईक मिळालं. यात आपला काही दोष नाही. पैसे पूर्ण परत मिळायला हवेत, आणि आपलं नुकसान झालं असेल तर त्याची भरपाईही मागता येते.

तिसरं कारण आपलं. घरात दुखणं आलं, मुलीची परीक्षा निघाली, आणि आपणच जाऊ शकलो नाही. इथं मात्र बुकिंग करताना काय ठरलं होतं ते लागू होतं. किती दिवस आधी कळवलं तर किती कापणार, हे आधी विचारलं नसेल तर नंतर वाद घालून फारसं हाती लागत नाही.

आता टूरवाला म्हणेल, "ताई, वादळ काय मी आणलं? मग मी पैसे का देऊ?" याचं उत्तर फार जुन्या कायद्यात आहे. आपला करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या ६५ व्या कलमात एक उदाहरण दिलेलं आहे. एका गाणाऱ्या व्यक्तीनं कार्यक्रमासाठी १,००० रुपये आगाऊ घेतले. नेमकी ती आजारी पडली, गाऊ शकली नाही. कायदा म्हणतो, कार्यक्रम झाला असता तर आयोजकाला जो नफा मिळाला असता, तो भरून देण्याची तिच्यावर जबाबदारी नाही. पण आगाऊ घेतलेले १,००० रुपये तिनं परत केलेच पाहिजेत. बघा, किती सरळ न्याय आहे. आजारी पडणं हा तिचा गुन्हा नव्हता, म्हणून दंड नाही. पण जे काम झालंच नाही, त्याचे पैसे ठेवून घेता येत नाहीत. वादळाचंही तसंच समजा. वादळासाठी टूरवाल्याला आपण दोष देत नाही, आपण फक्त आपला इसार मागतो.

काही वेळा टूरवाल्यानं आपल्या पैशातून पुढे हॉटेलला, गाडीला पैसे दिलेले असतात. तो म्हणेल, ते मलाही परत मिळाले नाहीत. ठीक आहे. त्याला पावत्या दाखवायला सांगा. पावत्या बघून थोडं कमी घ्यायचं की नाही, हे गटानं बैठकीत ठरवावं. पण पावती न दाखवता "खर्च झाला" एवढं म्हटलं, तर ते ऐकून घेऊ नका. आपल्या गटात कुणी पावतीशिवाय खर्च लिहिला तर आपण तो मंजूर करतो का?

आता क्रेडिटकडे येऊ. क्रेडिट, व्हाउचर, "पुढच्या वेळी ॲडजस्ट करू", नावं काहीही असोत. गटातल्या बाईला हे समजायला एक मिनिट पुरे. पैसे आपले, वापरतोय तो, परत कधी ते नक्की नाही. याला आपण काय म्हणतो? कर्ज म्हणतो. क्रेडिट म्हणजे आपण टूरवाल्याला दिलेलं बिनव्याजी कर्ज. २२,४०० रुपये गटातच फिरवले असते आणि व्याज शेकडा दोन रुपये धरलं, तर महिन्याला ४४८ रुपये झाले असते. दहा महिन्यांत ४,४८० रुपये. एवढं आपण त्याला फुकट देतो. वर पुढच्या वर्षी दर वाढले की तो म्हणणार, फरक भरा.

गटातली बाई कर्ज मागते तेव्हा आपण काय करतो? बैठकीत अर्ज, किती रक्कम, कशासाठी, किती महिन्यांत फेड, सह्या. मग टूरवाल्याला कर्ज देताना हे सगळं का सोडायचं? क्रेडिट घ्यायचंच असेल तर पाच गोष्टी लेखी घ्या. रक्कम किती. कुठल्या तारखेपर्यंत चालेल. दर वाढला तर फरक कोण भरणार. एखादी येणार नसेल तर तिच्या जागी दुसरी चालेल का. आणि मुदतीत सहल झाली नाही तर रोख रक्कम परत मिळेल का. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

ही मागणी जगावेगळी नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये विमान कंपन्यांनी रद्द तिकिटांचे पैसे क्रेडिट म्हणून ठेवून घेतले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायालयानं आदेश दिला की, अडचणीतल्या कंपन्यांना क्रेडिट देता येईल, पण ते ३१ मार्च २०२१ पर्यंतच. ते दुसऱ्याच्या नावावर करता येईल. त्यावर आधी दरमहा अर्धा टक्का, नंतर पाऊण टक्का वाढ मिळेल. आणि तोवर वापरलं नाही तर पैसे परत. तो आदेश विमान तिकिटांपुरता होता, पण मुदत, वाढ आणि शेवटी रोख, ही त्यातली रीत आपल्याला उपयोगाची आहे.

आता विमा. यात फार गैरसमज आहेत. "आमचा विमा आहे" असं टूरवाला म्हणाला की विचारा, कशाचा? बोटीचा विमा बोटीसाठी असतो. प्रवाशांचा अपघात विमा अपघातासाठी. सहल रद्द झाली तर पैसे देणारा प्रवास विमा वेगळा असतो, आणि त्यातही कोणत्या कारणासाठी पैसे मिळतात त्याची यादी असते. आपण आजारी पडलो, घरात कोणी दगावलं, अशी कारणं त्यात सहसा असतात. टूरवाल्याची गाडी भरली नाही, हे कारण सहसा नसतं. तिथं मागणी टूरवाल्याकडेच करायची.

आपल्यापैकी बहुतेकींच्या बँक खात्यातून दर वर्षी २० रुपये कापले जातात. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. चांगली योजना आहे, चालू ठेवा. पण ती अपघाताची आहे. सहलीचे पैसे तिच्यातून मिळत नाहीत. दुसरं, बऱ्याच खासगी पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. स्कूबा त्यात येतं की नाही, ते पाण्यात उतरायच्या आधी विचारा.

अजून एक. स्कूबाच्या आधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, रक्तदाब, गरोदरपण हे लपवू नका. पैसे भरलेत म्हणून खोटं लिहिणं जिवावर बेतू शकतं, आणि विम्याचा दावाही त्यामुळे नाकारला जाऊ शकतो. त्यापेक्षा बुकिंग करतानाच विचारा, "तब्येतीमुळे एखादीला उतरवलं नाही, तर तिचे स्कूबाचे पैसे परत देणार का?"

पैसे मिळत नसतील तर काय करायचं? आमच्या गटानं काय केलं ते सांगते. आधी टूरवाल्याचा निरोप फोनमध्ये जपून ठेवला. बैठक घेतली, ठराव लिहिला की क्रेडिट नको, पैसे परत हवेत. मग साधं पत्र लिहिलं : अमुक तारखेला इतके पैसे दिले, अमुक तारखेला आपण सहल रद्द केली, पंधरा दिवसांत २२,४०० रुपये परत करावेत. सोबत चौदा जणींची यादी आणि सह्या. पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवलं, पोच ठेवली. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक टूरवाल्याला कळवला. १९१५ वर मराठीत बोलता येतं. त्यानंतर त्याचा फोन आला. पैसे दोन हप्त्यांत आले, पण पूर्ण आले.

तेवढ्यानं झालं नसतं तर पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण जिथं राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, टूरवाल्याच्या गावी जावं लागत नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. आणि बिल किंवा पावती न देणं, हीसुद्धा या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून पावती मागताना संकोच करू नका.

जाता जाता दुसरी बाजू. आपण नेहमी गिऱ्हाईकच असतो असं नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटातल्या महिला पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतात. आपल्याकडेही कोणी घरगुती राहण्याची सोय करतं, कोणी लग्नाच्या पोळ्यांची ऑर्डर घेतं. तेव्हा इसार आपल्या हातात येतो. मग नियमही तोच. काम होईपर्यंत इसार ही कमाई नाही, ते देणं आहे. वहीत तसंच लिहा, आणि तो पैसा खर्चू नका. काम आपल्याकडून रद्द झालं तर गिऱ्हाइकानं मागायच्या आधी परत करा. तेच गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दहा जण घेऊन येईल.

येत्या बैठकीत एवढं करा. सहलीच्या वहीत पहिल्या पानावर लिहा : पावती कोणाच्या नावे, रद्द झाल्यास किती दिवसांत परत, आपण रद्द केल्यास किती कपात, विमा कशाचा. या चार प्रश्नांची उत्तरं टूरवाल्याकडून लेखी आल्याशिवाय इसार पाठवायचा नाही, असा ठराव करा. व्हॉट्सॲपवर उत्तर आलं तरी चालेल, फक्त ते पुसू नका. आणि एखाद्या गटाचे पैसे आत्ताच कुठे क्रेडिट म्हणून अडकले असतील, तर सहल रद्द झाल्याची तारीख बघा. दोन वर्षांची मुदत चालू आहे.

सहलीला जरूर जा. पाण्याखालचे मासे बघा, आल्यावर आम्हाला सांगा.