मांजर आणि आपल्या कुंड्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. भाषणाची मला सवय नाही. पण आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी मांजर आहे आणि गॅलरीत कुंड्याही आहेत. त्या दोहोंचे नेहमीच पटते असे नाही, एवढेच सांगावयास उभी आहे.

पाला कुरतडणे ही मांजराची उपजत खोड. “मुक्या जनावराला आपले बरे-वाईट कळते,” असे आपण म्हणतो. पण घरात वाढलेल्या मांजराला शोभेच्या परक्या झाडांची पारख कोठून असणार?

सर्वांत घातक ती लिली. बारशाला, वाढदिवसाला हल्ली गुच्छ येतात, त्यांतली कर्ण्यासारखी मोठी फुले. त्यांचे पान, पाकळी, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजरास विषारी. अंगावर सांडलेले पराग त्याने चाटले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. डे लिलीही तशीच. आधी ओकाऱ्या होतात. मग त्या थांबतात आणि मांजर सावरले असे वाटते. इथेच माणूस फसतो! आत बिघाड चालूच असतो आणि तीन-चार दिवसांत जीव जातो. म्हणून नुसती शंका आली तरी ताबडतोब जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. पहिल्या १८ तासांच्या आत सलाईन सुरू झाले तर वाचण्याची आशा पुष्कळ असते. “उद्या पाहू” म्हणू नये.

सायकस यकृत बिघडवतो. त्याच्या बिया फार वाईट. कण्हेर आणि पानफुटी यांचा घाला हृदयावर. मनीप्लांट, डिफेनबेकिया आणि पीस लिली यांनी तोंडाची आग होते, लाळ गळते. कच्च्या अळूने आपला घसा खवखवतो ना, तोच प्रकार. ही पीस लिली नावाचीच लिली. तिने मूत्रपिंडे जात नाहीत. औषधी म्हणून आपण लावतो त्या कोरफडीनेही मांजरास ओकाऱ्या व जुलाब होतात.

असे काही घडल्यास मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये, त्याने अपाय होतो. अंगावरचे पराग ओल्या फडक्याने पुसावे, आणि खाल्लेल्या झाडाची डहाळी डॉक्टरांना दाखवावयास सोबत न्यावी.

कुंडी उंच फळीवर ठेवली म्हणजे झाले, असेही नाही, मांजर ते! घातक झाडे घरात नसलेलीच बरी. हौसेला गुलाब आहे, मोगरा आहे, अरेका पाम आहे, स्पायडर प्लांट आहे. शिवाय एखाद्या पसरट डब्यात मूठभर गहू पेरा. आठ-दहा दिवसांत हिरवे तण उगवते. ते मांजराने खुशाल खावे.

शेवटी एक विनंती. कुणाकडे गुच्छ घेऊन जाताना “तुमच्याकडे मांजर आहे का?” एवढे विचारावे आणि असल्यास लिली टाळावी. विचारायला पैसा पडत नाही, आणि एका मुक्या जिवाचे प्राण वाचतात.